जास्तीचं हॅमॉक विकताना: किती मिळतात, किती जातात

हॅमॉकमध्ये रात्र काढायची हौस लागली की सामान एकटं येत नाही. आधी साधी नायलॉनची झोळी येते, मग मच्छरदाणीवाली, मग टार्प, रुंद पट्टे आणि डिसेंबरातल्या एखाद्या कुडकुडत्या रात्रीनंतर पाठीखाली बांधायची अंडरक्विल्ट. दोन हंगाम फिरलं की आपल्याला काय लागतं ते कळतं आणि उरलेलं माळ्यावर जातं. ते विकून किती सुटतात? ब्रँड ओळखीचा, माल स्वच्छ आणि जाहिरात नीट असेल तर बिलाच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भाव येतो, असा माझा अंदाज. हा झाला भाव. हातात पडणारी रक्कम त्याहून कमी असते.

आधी काय विकायचं ते ठरवा. सह्याद्रीत हॅमॉकची अडचण अशी की गडांचे माथे बहुतेक उघडे. तिथे कारवी आणि गवत, दोर बांधायला झाड नाही. देवराईतल्या झाडांना कोणी पट्टा लावू देणार नाही, आणि लावूही नये. अभयारण्यात मुक्कामालाच परवानगी लागते. म्हणजे हॅमॉक खरं चालतं ते कोकणातल्या सुरूच्या बनात, पवना-भंडारदऱ्याकडच्या कॅम्पसाइटवर किंवा ओळखीच्या माणसाच्या आमराईत. या जागांवर जाळीशिवाय रात्र निघत नाही आणि घाटातला पाऊस तिरका येतो, म्हणून तीन बाय तीन मीटरचा टार्प हवाच. साडेपाच फुटांपेक्षा उंच माणसाला ११ फुटी कापड लागतं. तेवढी लांबी असेल तरच तिरकं झोपून पाठ सरळ राहते. तेव्हा ११ फुटी, जाळीवालं हॅमॉक आणि मोठा टार्प ठेवा. नऊ फुटी बिनजाळीचं, दोघांसाठी म्हणून घेतलेलं ऐसपैस (दोघं त्यात झोपतात ते फक्त जाहिरातीत), कोपऱ्यावर ताणायचा छोटा चौकोनी टार्प आणि कोकणात राहणाऱ्याची अंडरक्विल्ट, हे सगळं बाजारात काढायला हरकत नाही.

तुमच्या लेखी जे निरुपयोगी, त्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं एवढंच. नऊ फुटी हॅमॉक मुक्काम करणारा घेणार नाही, पण फार्महाऊसवाला दुपारी पडायला घेईल. त्याला ग्रॅमचा हिशेब सांगू नका. रंग दाखवा, लोड किती ते सांगा. अंडरक्विल्ट घेणारा बहुधा हिमाचल-उत्तराखंडच्या देवदारांत जाणारा किंवा थंडीत जुन्नर-नाशिककडे फिरणारा. त्याला भरण पिसांचं की सिंथेटिक, वजन किती आणि गुंडाळल्यावर केवढी होते, हे आधी हवं असतं.

भाव ठरवताना एक गोष्ट लोक विसरतात. डेकॅथलॉनसारख्या दुकानात जे आजही नवं मिळतं, त्याच्या जुन्या मालाला नव्या भावाचं छत असतं. ₹९०० ची वस्तू नवी, बिलासकट आणि परत करायच्या सोयीसह मिळत असेल तर जुनी ₹४५० च्या वर कोणी घेणार नाही, मग ती कितीही कमी वापरलेली असो. बाहेरून मागवलेल्या मालाचं गणित उलटं आहे. हेनेसी, वॉरबॉनेट, डीडी यांचं सामान इथे नवं घ्यायचं तर घेणाऱ्याला परदेशातलं टपाल आणि सीमाशुल्क धरावं लागतं. म्हणून अशा मालाची तुलना तिकडच्या दुकानातल्या छापील किमतीशी नाही, तर दारात पडणाऱ्या किमतीशी करा. भाव जास्त धरला जातो आणि गिऱ्हाइकालाही तो पटतो.

आता एक हिशेब. ₹६,००० ला घेतलेलं जाळीवालं हॅमॉक तुम्ही ₹३,८०० ला टाकता. "दादा, फायनल किती?" या प्रश्नावर सौदा ₹३,५०० ला होतो. धुणं, पॅच आणि दोरा मिळून ₹२००, खोका आणि टेप ₹६०, कुरिअर ₹३००. हातात राहिले ₹२,९४०, म्हणजे बिलाच्या ४९ टक्के. हेच दादर किंवा शिवाजीनगरच्या स्टेशनवर हातोहात दिलं तर ₹३,३०० राहतात. ₹४५० चं हॅमॉक कुरिअरने पाठवण्यात मात्र काही अर्थ नाही. ते जास्त किमतीच्या वस्तूबरोबर फुकट द्या आणि त्या वस्तूच्या भावावर ठाम राहा.

कुरिअरचा खर्च वाढतो तो बहुधा खोक्यामुळे. बहुतेक कुरिअरवाले सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची गुणून ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो धरतात. तो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असला की पैसे त्याचे. ४० बाय ३० बाय २० च्या खोक्याचे होतात ४.८ किलो, आत दोन किलोचाच माल असला तरी. तोच माल घट्ट गुंडाळून ३० बाय २५ बाय १५ मध्ये बसवला तर सव्वादोन किलो. पिसांची रजई मात्र दाबून आठवडाभर पार्सलात ठेवू नका. भरण बसतं आणि उघडल्यावर घेणारा भांडायला येतो.

विकण्याआधीचा खर्च थोडा आणि तो वसूल होतो. सौम्य साबणाने बादलीत धुवा. ड्रायक्लीन, ब्लीच आणि यंत्रातला पिळा तिन्ही टाळा. मग गच्चीत उन्हाकडे धरून बघा: टाचणीएवढी भोकं प्रकाशातच दिसतात. टोकाला जिथे कापड चुण्या होऊन दोरात बसतं, तिथे बोट फिरवा. धागे फुललेले लागले तर ती वस्तू विकायची नाही, बस्स. टार्प ताणून शिवणीवर तांब्याभर पाणी ओता आणि खालून हात फिरवा. सिलनायलॉनची (सिलिकॉन लावलेल्या नायलॉनची) शिवण गळत असेल तर सिलिकॉनची नळी आणि थोडं टर्पेंटाइन मिसळून ब्रशने लावता येतं. खर्च दोन-तीनशेच्या आसपास. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असलेल्या जुन्या टार्पला आंबट वास येऊन आतली बाजू चिकट लागू लागली की तो थर सुटायला लागलाय. त्याला औषध नाही. असा टार्प अंथरायला ठेवा किंवा तसं सांगून शे-दोनशेला द्या. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कापडावरचे बुरशीचे काळे ठिपके जात नाहीत, तेव्हा ते फोटोत दाखवाच.

जाहिरातीत दुकानातलं वर्णन उतरवून काढू नका, ते गिऱ्हाइकाला गुगलवर मिळतं. तुम्ही वापरून जे मोजलं ते लिहा. किचनच्या काट्यावर ठेवून फोटो काढा. मजकूर असा: "११ फुटी हॅमॉक, जाळी शिवलेली, पिशवीसकट ८७० ग्रॅम. उशाकडे जाळीला नखाएवढं भोक होतं, पॅच लावला आहे, फोटो पाहा. उंची ५ फूट १० इंच, मला तिरकं झोपता येतं. टार्प आणि पट्टे यात नाहीत." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पट्टे आहेत असं धरून आलेल्या माणसाशी घासाघीस करताना तुमचे दोनशे रुपये तिथेच जातात.

वेळही बघा. हॅमॉक आणि जाळी दसऱ्यापासून नाताळपर्यंत हलते, टार्प मे महिन्यात पावसाळ्याच्या तोंडावर जातो. जुलै-ऑगस्टमध्ये हॅमॉकच्या जाहिरातीला फक्त "अव्हेलेबल?" एवढंच येतं.

पैसे घेताना सावध राहा. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर "मी लष्करात आहे, माल बघायची गरज नाही, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असं कोणी म्हणालं की संवाद तिथेच संपवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त. गिऱ्हाइकाने "अ‍ॅडव्हान्स टाकलाय" म्हणून पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय खोका बंद करू नका.

कराची काळजी बहुतेकांना नाही. स्वतः वापरलेल्या जंगम वस्तू आयकरात भांडवली मालमत्ता धरल्या जात नाहीत (दागिने, चित्रं वगैरे अपवाद), आणि घरगुती जुनं सामान विकणं हा धंदा नसल्याने जीएसटीही येत नाही. स्वस्तात उचलून नफ्याने विकायला लागलात की मात्र तो धंदा झाला, मग सीएला विचारा.

राहिले पट्टे आणि कॅराबिनर. मी जुने पट्टे विकत नाही, विकत घेतही नाही. कारण साधं गणित आहे. पट्टा जमिनीशी ३० अंशांत असेल तर प्रत्येक बाजूवर झोपणाऱ्याच्या वजनाएवढा ताण येतो. नवखा माणूस हॅमॉक खाटेसारखं ताठ बांधतो. कोन दहा अंशांवर आला की ७५ किलोच्या माणसामागे एकेका पट्ट्यावर दोनशे किलोंहून जास्त ओढ बसते. असे ताण किती वेळा बसले, पट्टा किती दिवस उन्हात राहिला, हे बाहेरून दिसत नाही. कॅराबिनरवर केएनमध्ये (किलोन्यूटनमध्ये) भार कोरलेला नसेल तर तो चाव्या अडकवायचा आहे, माणसाचा नाही. पट्ट्यांसकट विकायचं असेल तर हॅमॉकबरोबर इंचभर रुंदीचे नवे पॉलिस्टर पट्टे घालून द्या. खर्च काही शे रुपयांचा, पण "पट्टे नवे, सील न फोडलेले" असं लिहिल्यावर घासाघीस कमी होते आणि तो खर्च बहुधा भावात निघतो. जुने पट्टे टाकून देताना आधी कात्रीने तीन-चार ठिकाणी कापा, नाहीतर भंगारातून उचलून कोणी त्यांनाच पोराचा झोपाळा बांधेल.