सांघिक कुस्ती पाहण्याची रीत

विद्यार्थ्यांनो, कुस्ती म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें लाल माती, हलगीचा कडकडाट आणि फेटा उडविणारा एकटा विजयी मल्ल उभा राहतो. अमेरिकेंतील महाविद्यालयांत मात्र एक असा प्रकार रूढ आहे कीं, त्यांत लढतो मल्ल, पण जिंकतें किंवा हरतें तें महाविद्यालय. दोन संघ समोरासमोर येतात. पुरुषांच्या सामन्यांत 125 पौंडांपासून 285 पौंडांपर्यंत दहा वजनी गट असून प्रत्येक गटांत उभय पक्षांचा एकेक मल्ल गादीवर उतरतो. आम्हांस या सामन्यांचा छंद आहे. तो पडद्यावर पाहूनच भागवावा लागतो, हें खरें.

कुस्ती सात मिनिटांची. प्रतिस्पर्ध्यास खालीं आणून ताब्यांत घेणाऱ्यास पूर्वीं 2 गुण मिळत; 2023 सालीं सुरू झालेल्या हंगामापासून 3 मिळतात. खालचा मल्ल निसटला तर त्यास 1. दोन्ही खांदे गादीस टेकवून एक सेकंद धरले कीं चीतपट, आणि कुस्ती तेथेंच संपते.

परंतु मल्लाचे गुण निराळे आणि संघाचे निराळे. आठांहून कमी गुणांच्या फरकानें जिंकल्यास संघास 3 मिळतात. फरक 8 ते 14 असल्यास 4. पंधरांची आघाडी होतांच कुस्ती थांबवून 5 देतात, आणि चीतपटीस 6. हें कळण्यापूर्वीं एखादा मल्ल सात गुणांनीं मागें पडला कीं आम्ही खुशाल चहा आणावयास उठत असूं. केवढी चूक! तो जिंकत नाहीं, हें त्यालाहि ठाऊक असतें. तरी त्याचे काम उरलेलेंच असतें. आणखी एक गुण गेला तर संघाचें नुकसान तिहींवरून चारांवर जातें. शिवाय वर राहून ताबा ठेवणाऱ्याचा वेळ घड्याळावर मोजला जातो. ही आघाडी एक मिनिट वा अधिक भरल्यास शेवटीं त्यास 1 गुण मिळतो. म्हणजे खालीं दबलेला मल्ल केवळ प्रतिस्पर्ध्याशीं नव्हे, तर घड्याळाशींहि झगडत असतो. तो धापा टाकीत गुडघ्यांवर येतो, पुन्हां पडतो, पुन्हां उठतो; आणि शेवटच्या क्षणीं निसटला तर त्याच्या बाजूचे लोक विजयाप्रमाणें गर्जना करितात. नवख्या प्रेक्षकास वाटतें, हे लोक हरलेल्यासाठीं कां ओरडतात?

तारीख 14 नोव्हेंबर 1915 नव्हे, 2015! आयोवा सिटी येथील किनिक हें वास्तविक फुटबॉलचें उघडें मैदान. तेथें त्या दिवशीं गादी अंथरून आयोवा व ओक्लाहोमा स्टेट यांचा सामना झाला. 42,287 प्रेक्षक जमले होते. एवढा समुदाय अशा सामन्यास तोंवर कधींहि लोटला नव्हता. आयोवानें 18 विरुद्ध 16 असा विजय मिळविला. पालकांनींहि हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा: अंतर दोन गुणांचें, आणि किरकोळ पराभव व चीतपट यांतील फरक तिहींचा. हरतांना एखादा गडी तीन गुणांऐवजीं सहा देऊन बसता, तर तेवढ्यानेंच पारडें फिरलें असतें.

आमच्या घरीं आतां चहा सामना संपल्यावरच होतो.