कडकनाथाचा काळा वर्ण आणि शुद्ध पैदास

मध्य प्रदेशातील झाबुआ भागातल्या कडकनाथ कोंबडीची त्वचा, मांस व हाडांवरील आवरणदेखील काळे असते. हा वर्ण एका प्रबळ जनुकामुळे येतो. म्हणून संकरित पिल्लूही काळे निपजू शकते. परंतु अशा संकरित नरमादीच्या संततीत सरासरी ४ पिलांपैकी १ पिलास ते जनुक मुळीच मिळत नाही.

त्वचेचा काळेपणा दडपणारे दुसरे प्रबळ जनुक लिंगगुणसूत्रावर असते. ते बाळगणाऱ्या परजातीय कोंबडीपासून ते केवळ नर पिलांकडे जाते. तिचा कडकनाथ कोंबड्याशी संकर झाल्यास तलंगा काळ्या व नर फिकट निपजतात.

सबब, केवळ रंगावरून शुद्धता ठरत नाही. पैदाशीसाठी पक्षी निवडताना कुक्कुटपालकांनी त्यांच्या मातापित्यांची नोंद अवश्य पाहावी.