बायोलॉजी घेतली म्हणजे फक्त नीट नव्हे

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात मुलीने अकरावीला बायोलॉजी घेतली की घरात नीटच्या क्लासची चौकशी सुरू होते. एमबीबीएसला नंबर लागला नाही तर पुढे काय, ही धास्तीही तेव्हापासूनच. या पालकांना मला आपल्याच भागातल्या टसर रेशमाच्या कोशाबद्दल सांगायचं आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. ढिवर समाजाने हे काम पिढ्यानपिढ्या केलं. अळीच्या धाग्यात फायब्रोइन नावाचं प्रथिन असतं. टसरच्या फायब्रोइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल लागोपाठ येतात आणि नेमक्या त्या जागी आपल्या पेशी चिकटतात. तुतीच्या रेशमात ही जोडणी नसते. आयआयटी खरगपूरमध्ये सुभाष कुंडू यांच्या गटाने टसरवर बरंच संशोधन केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अनुया निसळ आणि सहकाऱ्यांच्या कामातून तर रेशमाच्या प्रथिनापासून वैद्यकीय साहित्य बनवणारी सेरिजेन ही कंपनी उभी राहिली.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रथिनाचा आराखडाच आपण ठरवायचा. त्याचं जनुक जीवाणूत घालून प्रथिन तयार करून घ्यायचं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात आशुतोष चिलकोटी इलास्टिनसारख्या प्रथिनांवर असं काम करतात. ही प्रथिनं गारव्यात विरघळलेली राहतात आणि ठरावीक तापमानाच्या वर गेली की एकत्र गोळा होतात. अमिनो आम्लांचा क्रम बदलला की ते तापमानही बदलतं. त्यामुळे सिरिंजमध्ये पातळ असलेलं द्रावण शरीराच्या उबेने आत घट्ट होईल आणि औषध हळूहळू सोडेल, अशी रचना करता येते. संगणकावर नवी प्रथिनं रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रथिनांच्या या क्षेत्रात पोहोचायचं कसं? पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा असते आणि तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न येतात. नागपूरच्या एलआयटीत किंवा मुंबईच्या आयसीटीत केमिकल इंजिनिअरिंगला जायचं तर एमएचटी-सीईटीत गणित लागतंच. जवळच्या कॉलेजात बीएस्सी करूनही आयआयटी-जॅम किंवा गॅट-बी देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी करता येते. ज्यांना बाहेरगावचा खर्च झेपत नाही त्यांनी हा मार्ग कमी समजू नये. नुसत्या बायोटेकच्या पदवीवर मात्र चांगली नोकरी मिळणं अवघड आहे. खरं काम पीएचडीपासून सुरू होतं आणि त्यात पाच-सहा वर्षं जातात. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासूनच्या दराने महिन्याला 37,000 रुपये मिळतात, म्हणजे त्या वर्षांचा भार घरावर पडत नाही.

घाईने श्रीमंत व्हायचं असेल तर हे क्षेत्र नाही. पण ज्या मुलाला रसायनशास्त्रही आवडतं आणि जिवंत पेशीचंही कुतूहल आहे, त्याच्यासाठी याहून चांगलं क्षेत्र मला माहीत नाही. म्हणून पालकांना एवढीच विनंती: अकरावीचा फॉर्म भरताना बायोलॉजीच्या जोडीला गणितही ठेवा.