उपसा सिंचन पंपाची जुळणी : डायल गेज वाचायला शिका

दौंड व शिरूर तालुक्यांत भीमा, घोड आणि मुळा-मुठा नद्यांच्या काठी उपसा सिंचनावर ऊस घेतला जातो. मोठ्या संचांत मोटार व पंप वेगवेगळे असून ते कपलिंगने जोडलेले असतात. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील तर कपलिंगचे रबर झिजते, बेअरिंग तापते आणि ऐन उन्हाळ्याच्या पाळीत पंप बंद पडतो. लोखंडी पट्टी लावून अंदाज येतो. नेमका फरक डायल गेजच दाखवितो. मोनोब्लॉक पंपास ही जुळणी लागत नाही.

तबकडीचे वाचन

नेहमीच्या गेजवर मोठ्या तबकडीचे १०० भाग असतात. एक भाग म्हणजे ०.०१ मि.मी. व काट्याची एक फेरी म्हणजे १ मि.मी. पूर्ण फेऱ्या छोटा काटा मोजतो. छोटा काटा शून्यापासून १ च्या पुढे व मोठा काटा ३५ वर असेल, तर वाचन १.३५ मि.मी. होते. टोक आत दबले की वाचन अधिक, बाहेर आले की उणे धरावे.

शून्य कसे करावे?

१) मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत.
२) कपलिंगच्या कडेवरील गंज व ग्रीस पुसावे.
३) गेज पंपाकडील कपलिंगवर घट्ट बसवावा. टोक मोटारीकडील कपलिंगच्या कडेवर काटकोनात टेकवावे.
४) टोक सुमारे १ ते २ मि.मी. दाबलेले ठेवावे, म्हणजे काटा दोन्ही बाजूंस फिरू शकतो.
५) गेज सर्वांत वर असताना बाहेरची कडी फिरवून शून्य मोठ्या काट्याखाली आणावे व कडी आवळावी.
६) दोन्ही शाफ्ट एकत्र एक फेरी फिरवावेत. काटा पुन्हा शून्यावर न आल्यास गेज सैल आहे असे समजावे.

उदाहरण

प्रथम कपलिंगमधील फट चारही बाजूंस फीलर गेजने सारखी करून घ्यावी. नंतर पंपाकडून मोटारीकडे तोंड करून वाचने घ्यावीत. समजा, वर ०, उजवीकडे +०.१०, खाली +०.४० व डावीकडे +०.३० आले. उजव्या-डाव्या वाचनांची बेरीज ०.४० येते, म्हणजेच वरच्या-खालच्या बेरजेइतकी. बेरीज जुळत नसेल तर मोजणी पुन्हा करावी.

गेज नेहमी दुप्पट फरक दाखवितो. म्हणून खालच्या वाचनाचे निम्मे, म्हणजे ०.२० मि.मी. मोटार खाली आहे. चारही पायांखाली तेवढ्याच जाडीचे पत्रे घालावेत. डाव्या-उजव्या वाचनांतील फरक ०.२० आहे, त्याचे निम्मे, ०.१० मि.मी. मोटार उजवीकडे सरकवावी.

बोल्ट आवळल्यावर मोटार हलते, म्हणून वाचने पुन्हा घ्यावीत व पंपाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावीत. गेजच्या दांडीला तेल देऊ नये; त्यावर धूळ बसून काटा अडकतो. पाळी सुरू होण्यापूर्वी एकदा ही तपासणी केल्यास उभ्या पिकाचे पाणी तुटणार नाही.