वळिवड्याची पोलिश माणसे

कोल्हापूरहून मिरजेच्या गाडीत बसलात की थोड्याच वेळात वळिवडे स्टेशन लागते. त्याला लागूनच गांधीनगर आहे. लग्नाचा बस्ता बांधायला तुम्ही तिथं गेला असाल. तिथली पुष्कळ दुकाने सिंधी लोकांची आहेत. पण त्यांच्याही आधी त्या जागेवर पाच एक हजार गोरी माणसे राहत होती. ती होती पोलंड देशाची. १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांनी तिथं संसार केले.

आता तुम्ही म्हणाल, पोलंड कुठं नि कोल्हापूर कुठं! ऐका तर.

पोलंड हा युरोपातला देश. त्याच्या एका अंगाला जर्मनी, दुसऱ्या अंगाला रशिया. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीच्या हिटलरने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. सतरा दिवस होतात न होतात तोच रशियाची फौज पूर्वेकडून घुसली. दोघांनी देश वाटून घेतला.

रशियाच्या वाट्याला आलेल्या भागात १९४० साली धरपकड सुरू झाली. ऐन थंडीत, रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावत. थोड्या वेळात सामान बांधा म्हणत. बायकापोरांना गुरांच्या डब्यांत कोंबले आणि सैबेरियाकडे नेले. तिथं जंगलतोड करायची, मिळेल तो भाकरीचा तुकडा खायचा. उपासाने आणि तापाने फार माणसे मेली. आईबाप गेले, पोरे उरली.

१९४१ साली हिटलरने रशियावरच हल्ला केला. मग रशियाला पोलिश लोकांची गरज पडली आणि त्यांना मोकळे करण्यात आले. १९४२ साली एक लाखाहून जास्त माणसे इराणात उतरली. त्यांतलीच काही जहाजाने कराचीला आली आणि तिथून पुढे कोल्हापूर संस्थानात. बहुतेक बायका आणि मुलेच. कर्ते पुरुष फौजेत गेले होते, नाही तर मेले होते.

वळिवड्यात लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या. शाळा निघाल्या, दवाखाना निघाला, चर्च उभे राहिले. खर्च लंडनमध्ये असलेले पोलंडचे सरकार करी. पोरे पंचगंगेत डुंबायला शिकली. एका मुलीने तर कोल्हापूरच्याच घरात लग्न केले आणि जन्मभर ती इथंच राहिली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वळिवड्यात हिटलरपासून सुटलेले ज्यू होते असे कोणी सांगितले, तर ते बरोबर नाही. ही माणसे बहुतेक ख्रिस्ती होती आणि त्यांना घरातून उठवले ते रशियाने. हिटलरने ज्यूंचे जे केले ते वेगळे आणि त्याहून भयंकर.

ज्यू म्हणजे यहुदी. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, तेलाचे घाणे चालवणारे ज्यू पिढ्यान् पिढ्या राहत आले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते घरात मराठीच बोलत. ज्यू म्हणून त्यांना इथं कोणी छळले नाही. पोलंडात मात्र लढाईआधी सुमारे तेहतीस लाख ज्यू होते, त्यांतले तीस लाखांच्या आसपास मारले गेले. आम्ही फळ्यावर हिशेब करून पाहिला. दहांतली नऊ माणसे! साऱ्या युरोपात मिळून साठ लाख. गुन्हा एवढाच की ज्यूच्या पोटी जन्म घेतला.

नशिबाचा खेळ असा, की पोलंडचे जे ज्यू वाचले त्यांतले बहुतेक रशियात गेलेले किंवा नेलेले होते. जो डबा शिक्षा म्हणून भरला, त्यातच कित्येकांचा जीव वाचला. इराणात पोचलेल्या पोलिश लोकांतही ज्यूंची शेकडो पोरकी मुले होती. १९४३ च्या जानेवारीत ती जहाजाने निघाली, कराचीवरून गेली आणि फेब्रुवारीत पॅलेस्टाइनला पोचली. वळिवड्याला येणारी मुलेही कराचीवरूनच आली.

हे सगळे आपल्याला कसे कळले? ज्यांनी भोगले त्यांनी लिहून ठेवले म्हणून. रशियातून सुटलेल्या मुलांना शाळेत, तिथं काय पाहिले ते लिहायला सांगितले. पोरांनी पेन्सिलीने वह्या भरल्या. आई कुठल्या ठिकाणी मेली, भाऊ कधी हरवला, सारे त्यात आहे.

आणि जे वाचले नाहीत त्यांनीही लिहिले. पोलंडच्या वॉर्सा शहरात हिटलरच्या लोकांनी भिंत घालून चार लाखांहून जास्त ज्यू कोंडले होते. त्यांत इमान्युएल रिंगेलब्लूम नावाचे इतिहासाचे अभ्यासक होते. त्यांनी गुपचूप माणसे जमवली. रोज काय घडते, भाकरीचा भाव काय, कोण मेले, कोणाला गाडीत घालून नेले, सगळे टिपून घेतले. पोरांचे निबंध, पत्रे, तिकिटेसुद्धा ठेवली. मग ते कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. आपण डेअरीला दूध घालतो तसलेच ते कॅन. रिंगेलब्लूम १९४४ साली मारले गेले. पेट्या १९४६ साली सापडल्या, दोन कॅन १९५० साली. कागदांचा आणखी एक साठा अजून सापडलेला नाही.

वळिवड्याच्या लोकांना १९४८ साली जागा सोडावी लागली. पण जायचे कुठे? कित्येकांची गावे आता रशियाच्या हद्दीत गेली होती. कोणी इंग्लंडला गेले, कोणी अमेरिकेला, कोणी ऑस्ट्रेलियाला. रिकाम्या बराकींत फाळणीने घरदार सुटलेले सिंधी आले. तेही निर्वासितच.

काही पोलिश माणसांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. जे जगले त्यांनी पुढे मंडळ काढले आणि सर्वांच्या आठवणी जमवून जाडजूड पुस्तक केले. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टात भारताच्या पंतप्रधानांनी तिथं फुले वाहिली. इथं महावीर उद्यानातही त्या लोकांच्या आठवणीचा खांब आहे. २०१९ साली पोलंडहून पाहुणे कोल्हापूरला आले. त्यांच्याबरोबर, लहानपणी वळिवड्यात वाढलेली पण आता ऐंशी-नव्वदीला टेकलेली माणसे होती. आपण राहत होतो ती जागा त्यांना पुन्हा एकदा बघायची होती.