मातेचा संस्कार आणि पुत्राचे जीवितकार्य

आपल्या हैदराबादेनजीक शिवरामपल्ली येथे १९५१ च्या एप्रिल महिन्यात सर्वोदय संमेलन भरले होते. त्यासाठी आचार्य विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी चालत आले. संमेलन आटोपल्यावर ते तेलंगणातील अशांत खेड्यांत शिरले आणि १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीस पोहोचले. तेथील भूमिहीन दलित कुटुंबांनी निर्वाहासाठी ८० एकर जमीन मागितली. सभेतच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाची ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचे बीज कोठे पेरले गेले, याचा विचार आपण क्वचितच करतो. आमच्या मते ते कोकणातील एका घरच्या अंगणात पेरले गेले.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. मातोश्री रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. घरचा फणस पिकला म्हणजे आधी शेजाऱ्यांस वाटावयाचा, तोही मुलाच्या हातून, आणि मगच आपण खावयाचा, असा त्यांचा नेम होता. देतो तो देव आणि राखतो तो राक्षस, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान! त्या देवास लक्ष तांदूळ वाहात, ते एकेक दाणा मोजून. वजन करून मोजणी लवकर उरकेल, असे यजमानांनी सुचविले. विनायकाने मात्र आईची बाजू घेतली: हे गणित नव्हे; प्रत्येक दाण्याबरोबर नामस्मरण घडते. आई बोलली नव्हती ते मुलास कळले होते. संस्कार म्हणतात तो हाच.

मातेस गीता समजून घ्यावयाची होती; पण संस्कृत कळेना. मुलाने मराठी गद्य भाषांतर आणून दिले. त्यांस पद्य हवे होते. वामन पंडितांची समश्लोकी आणली, तीही अवघड वाटली. तेव्हा, तूच का करीत नाहीस, असे त्या सहज म्हणाल्या. ते ऐकण्यास त्या पुढे राहिल्या नाहीत. १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचे देहावसान झाले. बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी लेखन आरंभिले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण केले. ग्रंथाचे नाव ‘गीताई’. नावातच आई आहे.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. हा पुत्र रूढ अर्थाने आज्ञाधारक नव्हता. आई चुलीपाशी असताना त्याने आपली प्रमाणपत्रे तिच्यादेखत जाळली. मार्च १९१६ मध्ये परीक्षेस निघालेला हा तरुण वाटेत गाडी बदलून काशीस गेला. आईचे अंत्यसंस्कार भटजींकडून व्हावयाचे ठरले, तेव्हा ते आपण स्वतःच करावेत या आग्रहामुळे तो स्मशानात गेलाच नाही; त्याच दिवशी त्याने वेदाध्ययनास आरंभ केला. हे वाचून आम्हांसही प्रथम वाईट वाटले. मातेच्या चितेपाशी पुत्र नसावा, हे आपल्या मनास पटत नाही. परंतु ज्याने बाह्य आचार मोडला, त्याने मातेची श्रद्धा मोडली का? फणसाचे गरे वाटणारा हात पुढे गावोगाव भूमी मागत फिरला. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी वाटपावाचून पडून राहिली, हेही खरे. पण मागणाऱ्याच्या निष्ठेत त्याने उणेपणा येत नाही.

उपनिषदाने देव मानावयाच्या व्यक्तींत मातेस पहिले स्थान दिले आहे, ते उगीच नव्हे. मुलांनी आपल्यासारखीच पूजा करावी, आपणच आखलेल्या वाटेने जावे, असा हट्ट आपण धरतो आणि ती दूर गेली की संस्कार वाया गेले म्हणून हळहळतो. रुक्मिणीबाईंनी काय केले? त्यांनी दाणे मोजले, फणस वाटला आणि मुलगा गेला तेव्हा त्यास जाऊ दिले.

या पंधरवड्यात प्रत्येक घराने एवढेच करून पाहावे: घरात जे नवे, गोड वा पहिले येईल, ते मुलांच्या हातून आधी शेजारी पाठवावे. उपदेश करू नये.