नाकातली नळी

पोटाचे ऑपरेशन झालेल्या माणसाला पाहायला आपण दवाखान्यात जातो. त्याच्या नाकातून बारीक नळी बाहेर आलेली दिसते. तिचे टोक खाटेला टांगलेल्या पिशवीत सोडलेले असते. पाहणारा घाबरतो. "एवढे हाल कशाला?" म्हणतो.

ही नळी नाकातून घशात आणि तिथून खाली जठरात जाते. दवाखान्यात तिला रायल्स ट्यूब म्हणतात. जॉन रायल या इंग्रज डॉक्टरांनी १९२१ साली अशा नळीची माहिती छापली. त्यांचेच नाव तिला पडले. ऑपरेशननंतर आतडी काही दिवस सुस्त पडतात. पोटात पाणी अन् वारा साठतो, पोट फुगते, उलट्या होतात. नळीवाटे तो साठा बाहेर येतो. सगळ्यांनाच नळी लागते असे नाही. काहींना तिच्यातून पातळ अन्नही देतात.

नळी घालणे थोड्या वेळाचे काम. ती जागेवर राखणे हेच अवघड. रोगी कूस बदलतो, खोकतो, झोपेत नाक खाजवतो. नळी सरकायला वेळ लागत नाही.

म्हणून नर्सबाई आधी नाकावरचा घाम, तेल पुसून कातडी कोरडी करतात. मग चिकटपट्टीचा तुकडा अर्ध्यापर्यंत मधोमध चिरतात. झाली विजार! अखंड भाग नाकाच्या दांडीवर चिकटवतात आणि दोन्ही पाय नळीभोवती गुंडाळतात. मिशीवर पट्टी धरत नाही, आणि काढताना डोळ्यांत पाणी येते ते वेगळेच. नळी नाकपुडीच्या कडेला रुतू देत नाहीत, कारण तिथे जखम होते. पट्टी सैल झाली, भिजली की बदलतात, तेव्हा कातडीही पाहतात. पुढे नळीला थोडी ढील देऊन ती अंगातल्या कपड्याला अडकवतात. दावे आखूड असले की बैलाच्या वेसणीला हिसका बसतो ना, तसे होऊ नये म्हणून.

नळीवर आकडे किंवा रेघा असतात. नाकपुडीपाशी कोणती खूण आहे ते नर्सबाई लिहून ठेवतात. तुम्ही आता वाचायला शिकलात. ती खूण विचारून घ्या आणि अधूनमधून पाहत जा.

खूण सरकली तर लगेच हाक मारा. आपल्या हाताने नळी आत ढकलू नका, हे आम्ही पुन्हा सांगतो. ती श्वासनळीत शिरू शकते. मग तिच्यातून दिलेले अन्न फुप्फुसात जाते आणि जिवावर बेतते. ऑपरेशन अन्ननलिकेचे वा जठराचे असेल तर टोक आतल्या टाक्यांना लागण्याचे भय. तिथे नर्सबाईसुद्धा सर्जनना विचारल्यावाचून नळी पुन्हा घालीत नाहीत. नळी ठिकाणावर आहे का, ते पोटातला रस काढून आंबटपणाच्या कागदावर पाहतात, नाहीतर क्ष-किरणाचा फोटो काढतात.

रोग्याच्या तोंडाला मायेने तेल चोळू नका, पट्टी सुटते. घसा दुखतो, तोंड सुकते, तो पाणी मागतो. आपला जीव तुटतो. तरी विचारल्याशिवाय घोटभरही देऊ नका. ओल्या कापसाने ओठ पुसा.

वारा सरू लागला, पिशवीत पडणारे पाणी कमी झाले, म्हणजे डॉक्टर नळी काढायला सांगतात. काढायला क्षणभरच लागतो. पाणी कधी द्यायचे ते मात्र तेव्हाही विचारूनच.